वीस लाख

वीस लाख, डॉक्टर लियाना म्हणाल्या.
मी म्हटलं, मग भरपूर आहेत की!
आमच्या अख्ख्या कुताइसीत माणसं दीड लाख असतील-नसतील.
त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.
निदान दीड कोटी लागतात, मालखाज.
आणि तुमच्यातले निम्मे तर जागचे हलत नाहीत.

सूक्ष्मदर्शकातून मला बघू दिलं त्यांनी.
काय सांगू, एतेरी,
पीठ चाळताना उन्हात तरंगतं ना, तेवढंच.
काही पळत होते. काही एकाच जागी गोल गोल,
बाजारात घर विसरलेल्या म्हाताऱ्यासारखे.
राग नाही आला मला त्यांचा.
कुणीतरी हात धरून पोचवायला हवं होतं, असं वाटलं.

सात वर्षं.
सात वर्षं तुझंच रक्त काढलं, तुझ्याच नळ्यांचे फोटो.
तिबिलिसीला बसमधून ओकत गेलीस,
डोंगरावरच्या मठात अनवाणी चढलीस,
आणि माझी आई, देव तिला शांती देवो,
तुझ्या ताटात अक्रोड जास्त वाढायची
नि उसासा टाकायची माझ्याकडे बघून.
मी जेवत होतो.
मला कुणी म्हणालं नाही, तूही एकदा तपासून घे.
मीही विचारलं नाही.
त्या शब्दाला आमच्या गल्लीत पुल्लिंगच नव्हतं.

मेजवानीत एक प्याला मुलांच्या नावानं असतोच.
तुझा गिवीमामा उभा राहायचा, पोट सावरत,
मग सगळे उठायचे, मीही, सगळ्यांत आधी.
तू टेबलावरची अक्रोडाची टरफलं गोळा करत राहायचीस,
एकेक.

काम काय करता?
भट्टी, म्हटलं. बावीस वर्षं.
जमिनीत मातीची विहीर, तळाशी निखारे,
कमरेतून वाकून आत शिरायचं, भिंतीला शोती थापायची.
दिवसाला चारशे.
म्हणजे मीही रोज थोडा थोडा भाजलो म्हणायचं.
त्यांनी हसू दाबलं. तसं छातीठोक सांगता येत नाही, म्हणाल्या,
पण धग टाळा. सिगारेट सोडा.
शिवाय डावीकडच्या शिरा फुगल्यात, जुन्या द्राक्षवेलीसारख्या,
त्या बांधून टाकू. छोटं ऑपरेशन.
आणि मग?
मग थांबायचं. एक तयार व्हायला बहात्तर दिवस लागतात.

बहात्तर!
माझं पीठ एका रात्रीत फुगतं.

तेव्हापासून भट्टीत तू वाकतेस.
पहिल्या दिवशी मी तुझे घोटे धरून उभा होतो, भीतीनं,
तू आतून ओरडलीस, सोड रे, गुदगुल्या होतात.
पहिली शोती निखाऱ्यात पडली. दुसरी वाकडी.
तिसरी आपण दोघांनी उभ्या उभ्या खाल्ली.

मी आता खिडकीत बसतो, सुटे पैसे मोजत.
मेदेआ म्हणाली, तू इथे कसा? कंबर गेली की काय?
मागे चार जण होते रांगेत.
कंबर धड आहे, मी म्हटलं,
आम्हाला मूल होत नाही ते माझ्यामुळे. उपचार चालू आहेत.
कुणाचं तरी नाणं पडलं, घरंगळत गेलं गटारापर्यंत.
मेदेआनं पाव पिशवीत उलटा कोंबला.
आत तुझं थापणं थांबलं होतं.
मग सुरू झालं परत.

संध्याकाळी बेसो आला, टॅक्सीवाला, रांग संपल्यावर.
पाव घेतला, गेला, परत फिरला.
मीटरकडे बघावं तसं फळीकडे बघत म्हणाला,
ती डॉक्टर... कुठे बसते?
मी पिठाच्याच हातानं कागदावर पत्ता लिहिला.
एक शोती जास्त दिली. पैसे नको म्हटलं.

आज अठ्ठावन्नावा दिवस.
टाका आता नुसता खाजतो.
सिगारेट मात्र परवा एक ओढली, तुला माहीत आहेच,
माझ्या बाहीचा वास घेतलास नि बोलली नाहीस.
वाढतीलही. नाही वाढणार, तर लियाना म्हणतात पुढे
आणखी एक वाट आहे, महाग, काचेतली.
हिशेब मी रात्री करतो, तू झोपल्यावर.

तू आतून हाक मारतेस, गोळा दे!
चेहरा तांबडा, डोक्याला माझाच जुना रुमाल.
देतो.